विभंग व भूमिगत द्रायूंचा प्रवाह

भूकवचातील खडक भंगून भंगाच्या दोन्ही बाजूंचे भाग एकमेकांच्या सापेक्ष सरकले असता त्या भंगास विभंग किंवा प्रस्तरभंग म्हणतात. पाणी, खनिज तेल, नैसर्गिक वायू इ. द्रायूंच्या (द्रव व वायू) भूमिगत हालचालीवर विभंगांचा मोठा प्रभाव असतो. विभंग प्रवाह अडवितो किंवा त्यास वाट देतो. पुष्कळदा एकच विभंग ही दोन्ही कार्ये करतो.

रचना

विभंग ही केवळ रेषा नसून तो एक पट्टा असतो. त्याच्या गाभ्यात घर्षणाने खडकांचा बारीक, चिकणमातीसारखा चुरा झालेला असतो व त्याची पार्यता अत्यल्प असते. गाभ्याभोवतीच्या खडकांत असंख्य भेगा असल्याने तेथील पार्यता मूळ खडकापेक्षा जास्त असते. म्हणून अशा विभंगास ओलांडून जाणे द्रायूला कठीण, तर त्याच्या कडेने वाहणे सोपे जाते. केन, इव्हान्स व फॉर्स्टर यांनी १९९६ मध्ये या दोन घटकांच्या प्रमाणावरून विभंगपट्ट्यांचे वर्गीकरण मांडले.

अडथळा म्हणून कार्य

खडक सरकल्यामुळे सच्छिद्र वालुकाश्मासमोर अपार्य शेल खडक आला, शेलमधील मृत्तिका विभंगपृष्ठावर माखली गेली किंवा भेगांत कॅल्साइट, क्वार्ट्‌झ यांसारखी खनिजे साचली, तर प्रवाह अडतो. खनिज तेलाचे अनेक साठे अशा रीतीने अडून राहिले आहेत. कॅलिफोर्नियातील कोचेला खोऱ्यात सॅन अँड्रियास विभंगाने भूजल अडून ते पृष्ठभागाजवळ येते. त्यामुळे वाळवंटातही थाउजंड पाम्स येथे ताडवृक्षांचे हिरवे बन टिकून आहे.

मार्ग म्हणून कार्य

कोकणातील गणेशपुरी, वज्रेश्वरी, उन्हवरे, राजापूर इ. ठिकाणचे उष्ण झरे या कार्याची परिचित उदाहरणे होत. खोलवर मुरलेले पावसाचे पाणी भूगर्भातील उष्णतेने तापते व भेगा आणि विभंग यांच्या वाटेने पृष्ठभागावर येते.

द्रायूचा दाब व भूकंप

द्रायूचा दाब वाढला की विभंगाच्या दोन्ही बाजूंना एकमेकींवर दाबून धरणारे परिणामी बल घटते व ताणाखाली असलेला विभंग घसरू शकतो. हबर्ट व रूबी यांनी १९५९ मध्ये हे तत्त्व विशद केले. अमेरिकेत डेन्व्हरजवळ सु. ३,६७० मी. खोल विहिरीत १९६२ पासून सांडपाणी सोडू लागल्यावर भूकंपांची मालिका सुरू झाली. १९६६ मध्ये ते काम थांबविण्यात आले, तरी त्यानंतरही धक्के बसत राहिले. कोयना धरणाचा जलाशय भरू लागल्यावर त्या परिसरात धक्के जाणवू लागले व ११ डिसेंबर १९६७ रोजी मोठा विनाशकारी भूकंप झाला. जलाशयाचा भार व विभंगांत मुरणारे पाणी ही या भूकंपांची प्रेरक कारणे मानली जातात. अभ्यासासाठी तेथे सु. ३ किमी. खोलीचे छिद्र घेण्यात आले आहे.

साठवणीच्या दृष्टीने महत्त्व

कार्बन डाय-ऑक्साइड जमिनीखाली साठविताना वरचा आच्छादक खडक अपार्य असून भागत नाही. त्यास छेदणारे विभंगही बंद असावे लागतात. नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रात १९९६ पासून हा वायू समुद्रतळाखालील वालुकाश्मात सोडला जात असून त्याच्या प्रसारावर भूकंपीय सर्वेक्षणाने लक्ष ठेवले जाते. आज बंद असलेला विभंग वाढत्या दाबाने उघडू शकतो. त्यामुळे साठवणीपूर्वी विभंगांचे स्थान, दिशा व त्यांवरील ताण तपासून दाबाची मर्यादा ठरवावी लागते.