स्टेम सेलचं इंजेक्शन: घोड्याला चालतं, माणसाला चालतं का?

‘ऑपरेशन नको, स्टेम सेलचं एक इंजेक्शन घ्या’ अशा जाहिराती सोशल मीडियावर सतत दिसतात. यात बहुतेक वेळा बोलणं असतं ते मेसेन्कायमल स्टेम सेलबद्दल.

या पेशी नेमक्या काय करतात?

अस्थिमज्जा, चरबी आणि बाळाची नाळ यांत या पेशी सापडतात. प्रयोगशाळेत त्यांच्यापासून हाड आणि कूर्चा तयार करता येते. त्यामुळे झिजलेल्या जागी त्या नव्या पेशी बनतील, अशी आशा होती. प्रत्यक्षात टोचलेल्या बहुतेक पेशी लवकरच नाहीशा होतात. पण तोवर त्यांनी सोडलेली रसायनं सूज आणि प्रतिकारशक्तीचा मारा कमी करतात. १९९१ मध्ये हे नाव रूढ करणारे अर्नोल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये नाव बदलायला सुचवलं, ते यामुळेच.

प्राण्यांमध्ये

शर्यतीच्या घोड्यांच्या पायाच्या दुखापतींवर या पेशी बरीच वर्षं वापरल्या जात आहेत. सांध्याच्या सुजेमुळे लंगडणाऱ्या घोड्यांसाठीच्या ‘आर्टी-सेल फोर्टे’ला २०१९ मध्ये युरोपीय संघात मंजुरी मिळाली.

माणसांमध्ये

अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी कधी कधी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करतात. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या अशा बालरुग्णांसाठी अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये ‘रायोन्सिल’ मंजूर केलं. त्याच महिन्यात युरोपात क्रोन्स आजारातल्या भगंदरावरचं ‘अलोफिसेल’ बाजारातून मागे घेतलं गेलं. २०१८ मध्ये मंजूर झालेलं हे औषध पुढच्या मोठ्या चाचणीत प्रभावी ठरलं नाही.

भारतात गुडघ्याच्या संधिवातासाठी बेंगळुरूत विकसित झालेल्या ‘स्टेमप्युसेल’ला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली आहे.

मग जाहिरातींवर विश्वास ठेवायचा का?

मंजुरी एका ठरावीक उत्पादनाला, ठरावीक आजारासाठी मिळते. पोटाची चरबी काढून त्याच दिवशी सांध्यात टोचणं, हे मंजूर औषध नव्हे. अमेरिकेत चरबीतून काढलेल्या अशाच पेशी डोळ्यांत टोचल्यावर तीन महिलांची दृष्टी गेली. हे प्रकरण २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्यता नसलेल्या आजारांवर स्टेम सेलचा वापर फक्त परवानगी असलेल्या चाचणीतच करता येतो.

म्हणून पैसे भरण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: हे उत्पादन माझ्या आजारासाठी मंजूर आहे का? आणि ही चाचणी असेल, तर तिचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय?