पाच गुंठ्यांतली काकवी

काकवी हा उसाच्या रसाचा गुळाआधीचा टप्पा आहे. कढईतला रस आटत जातो तसा दाट होतो. ढेप धरेल इतका आटवला तर गूळ, आणि ओतता येतो तोवरच जाळ ओढून उतरवला तर काकवी. मोठ्या गुऱ्हाळांत गुळाच्या जोडीने घरच्यापुरती काकवी काढून ठेवतात. नव्याने सुरुवात करणाऱ्या लहान शेतकऱ्याने मात्र हा क्रम उलटा धरावा, आधी काकवी आणि हात बसला की गूळ. गुळाच्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांत अंदाज चुकला की पाक करपतो नाही तर ढेप घट्ट होत नाही. त्या मिनिटांसाठी मुरलेला गुळव्या लागतो. काकवी थर्मामीटर पाहून जमवता येते.

हिंगोली जिल्ह्यातला ऊस प्रामुख्याने वसमत भागात, पूर्णा नदीवरच्या येलदरी-सिद्धेश्वर प्रकल्पाच्या कालव्यांखाली पिकतो. वसमतचा पूर्णा आणि कुरुंद्याचा टोकाई हे इथले सहकारी साखर कारखाने. बहुतेक ऊस कारखान्याकडेच जातो आणि ज्याच्याकडे एकरांनी ऊस आहे त्याच्यासाठी तेच सोयीचे आहे. अडचण होते ती चार-पाच गुंठेवाल्याची. तेवढ्या उसासाठी तोडणीची टोळी लवकर येत नाही, आली तरी ट्रॅक्टरची एक खेपही धड भरत नाही. उभा ऊस वाळत जातो, वजन घटते. अशा शेतकऱ्यासाठी घरामागच्या मोकळ्या जागेतली एक लहान कढई हा खरा मार्ग आहे.

हिशेब सुरुवातीलाच मांडलेला बरा. चांगल्या जोपासलेल्या उसाचे एका गुंठ्यात पाऊण ते एक टन उत्पादन धरता येते. टनभर ऊस यंत्राच्या चरकात पिळला तर सहाशे ते साडेसहाशे किलो रस निघतो. पक्व उसाच्या रसात १८ ते २० टक्के घन पदार्थ असतात. मळीत, म्हणजे तापलेल्या रसावर येणाऱ्या कचऱ्यात, जाणारा वाटा वजा करता टनामागे साधारण दीडशे किलो काकवी हाती येते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, ठरवली. त्या भावाने ऊस धरला तर किलोभर काकवीतला उसाचा खर्च २४ रुपयांच्या आसपास बसतो. पुढे मजुरी, वीज, बाटली आणि लेबल यांची भर पडते. लहान गुऱ्हाळात नफा-तोटा ठरतो तो या वरच्या खर्चावर आणि गिऱ्हाईक थेट मिळते की नाही यावर.

काकवीचा दर्जा शेतातच ठरतो. को ८६०३२ आणि को ९२००५ ही वाणे गुळासाठी चांगली मानली जातात. कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राचे काम याच विषयावर आहे. वाणापेक्षाही जमीन आणि खत यांचा परिणाम जास्त जाणवतो. चोपण किंवा खारवट जमिनीतल्या उसाची काकवी खारट लागते. हिरवागार दिसावा म्हणून उशिरापर्यंत युरिया दिलेला ऊस दिसायला जोमदार असतो, पण त्याचा रस नीट स्वच्छ होत नाही आणि पाक काळपट येतो. काकवीसाठी राखलेल्या पट्ट्यात नत्राचा हप्ता वेळेत संपवावा आणि तोडणीआधी पंधरवडाभर पाणी तोडावे.

ऊस पक्व झाला का, हे हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर कळते. खिशात मावणारे हे साधन रसाच्या एका थेंबावर ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण दाखवते. एकाच उसाच्या बुडख्याकडच्या आणि शेंड्याकडच्या कांड्यांचे आकडे जवळजवळ सारखे आले की ऊस तयार. शेंड्याचा आकडा बराच खाली असेल तर आणखी थांबावे. उपकरणांवर खर्च करायचाच असेल तर पहिला यावर करावा.

तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत पिळला गेला पाहिजे. तोडल्यापासूनच साखर फुटायला लागते आणि जिवाणू कापलेल्या टोकांतून आत शिरतात. शिळ्या उसाचा रस चिकट, तारदार होतो आणि कितीही आटवला तरी चव धरत नाही. त्यामुळे दिवसभरात जेवढे आटवायचे तेवढाच ऊस सकाळी तोडावा. वाढे कापावे, पाचट सोलावे, मुळाकडची माती धुवावी. किडका आणि रंगलेला ऊस निर्दयपणे बाजूला काढावा. तो गुरांच्या वैरणीत गेला तरी तोटा नाही.

बैलांच्या चरकात उसाच्या वजनाच्या निम्म्याहून थोडा अधिक रस निघतो, तीन लाटांच्या यंत्रात साठ टक्क्यांच्या वर. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी उभारलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून लोखंडी नांगरांबरोबर उसाचे चरकही महाराष्ट्रभर गेले आणि लाकडी घाणे मागे पडले. घरगुती मापाला मोठे यंत्र नको. रस्त्याकडेच्या रसवंतीवर असतो तसा मोटारीवरचा, स्टेनलेस स्टीलच्या लाटांचा चरक पुरतो. उन्हाळा सरला की असे जुने चरक विकायलाही निघतात. घेताना लाटांच्या खाचा झिजल्या आहेत का आणि वंगणाचे तेल रसात उतरत नाही ना, हे पाहावे. चरकापाशी एकच नियम कडक पाळायचा आहे. ऊस घालणाऱ्याच्या अंगावर लोंबता पदर, उपरणे किंवा सैल बाही नको, आणि अडकलेले चिपाड मोटार बंद केल्याशिवाय ओढायचे नाही. लाटांत गेलेला हात मागे येत नाही. लहान मुलांना तिथे उभेच करू नये.

रस दुपदरी सुती कापडातून स्टीलच्या पिंपात गाळून घ्यावा आणि तासाभरात कढईत चढवावा. कढई शक्यतो स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी. लोखंडी कढईने रंग काळवंडतो. वसमत भागात घरोघरी हळद होते, त्यामुळे हळद शिजवायच्या कढईतच रस आटवण्याचा मोह होतो. तो टाळावा. हळदीचा वास आणि रंग भांड्यात मुरतो आणि काकवीत उतरतो.

शंभर किलो रसासाठी दीडशे लिटरची कढई हवी. रस फेसाळून वर येतो तेव्हा एक तृतीयांश जागा मोकळी लागते. एवढ्या रसाला १६० ते १७० किलो ऊस लागतो आणि त्यातून पंचवीस किलोच्या आसपास काकवी मिळते. चुलवाण जमिनीत खोदून विटा-मातीने बांधावे, खाली हवा खेळण्यासाठी जाळी बसवावी आणि मागे धुराडे उभारावे. जाळी आणि धुराडे असेल तर जळण पूर्ण पेटते. नसेल तर निम्मी चिपाडे धुरातच जातात आणि कढईजवळ उभे राहणाऱ्याचे डोळे जातात ते वेगळेच. चिपाडे उन्हात खडखडीत वाळवलेली असावीत. ओल्या चिपाडांवर जाळ मंदावतो, आटवणे लांबते आणि लांबलेल्या आटवणीत रंग बिघडतो.

थंड प्रदेशांतही झाडाच्या रसाचा असाच पाक घरामागे केला जातो. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये आणि अमेरिकेतल्या व्हर्मांटमध्ये हिवाळा सरताना मेपलच्या खोडाला भोक पाडून रस जमवतात आणि आटवून मेपल सिरप करतात. त्यासाठी रात्री गोठवणारी आणि दिवसा वितळवणारी थंडी लागते, म्हणून ते झाड इथे उपयोगाचे नाही. तुलना मात्र बोलकी आहे. मेपलच्या रसात साखर जेमतेम दोन टक्के, त्यामुळे एक लिटर सिरपसाठी चाळीसेक लिटर रस आटवावा लागतो. उसाचा रस त्याच्या नऊ-दहा पट गोड, म्हणून इथे जळण फार कमी लागते. उलट मेपलचा रस नितळ ठिबकतो, तर उसाचा चिरडून काढावा लागतो आणि त्यात मेण, माती, तंतू, हिरवा रंग सगळे उतरते. म्हणूनच काकवीच्या कामात आटवण्यापेक्षा मळी काढण्याला मान आहे.

मळी धरायला भेंडीचा रस वापरतात. भेंडीची हिरवी झाडे मुळासकट ठेचून पाण्यात भिजवली की बुळबुळीत द्राव सुटतो. रस कोमट झाला की त्यातला अर्धा द्राव कढईत घालून ढवळावे. तापमान चढते तसा रसातला कचरा या चिकट द्रावाला बिलगून वर येतो आणि उकळी फुटण्याआधी कढईवर हिरवट काळ्या मळीची जाड साय धरते. या वेळी जाळ थोडा ओढावा. रस उकळू लागला की साय फुटून पुन्हा रसात मिसळते आणि मग ती हाती लागत नाही. रुंद झाऱ्याने कडेकडून मध्याकडे मळी उचलावी, न घुसळता. उरलेला द्राव घालून दुसरी, पिवळसर मळीही काढावी. झाऱ्याखालचा रस कोऱ्या चहासारखा आरपार दिसू लागला की हे काम झाले. चुन्याची निवळी गुळासाठी घालतात, कारण तिने आम्लता कमी होऊन ढेप घट्ट बसते. काकवीला ती फारशी नको, जास्त झाली तर रंग गडद होतो.

मळी निघाली की जाळ पूर्ण लावावा. कढई खळखळून उकळते, फेस कडेपर्यंत चढतो. चमचाभर शेंगदाणा किंवा करडईचे तेल शिंपडले की तो बसतो. शंभर किलो रसातून सत्तर किलोहून अधिक पाणी उडवायचे असते, त्याला जाळाप्रमाणे दोन-अडीच तास लागतात. सुरुवातीचे मोठे, पांढुरके बुडबुडे हळूहळू लहान आणि सोनेरी होतात, उकळीचा आवाज जड होतो. इथून पुढे कढई सोडून कोणी हलायचे नाही आणि उलथने तळाला फिरत राहिले पाहिजे.

उतरवण्याचे तापमान पुस्तकांत १०५ ते १०६ अंश सेल्सिअस दिलेले असते. गुळासाठी ते ११८ च्या आसपास. पण हे आकडे समुद्रसपाटीच्या हिशेबाचे आहेत. हिंगोली समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि एवढ्या उंचीवर पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या सुमारास उकळते. म्हणून आधी त्याच थर्मामीटरने साधे पाणी उकळून आकडा पाहावा आणि त्याहून पाच-सहा अंश वर गेले की कढई उतरवावी. थंड केलेल्या थेंबाचा ब्रिक्स ७० च्या जवळ आला पाहिजे. त्याहून बराच पातळ राहिला तर पावसाळ्यात काकवी आंबते, जास्त आटला तर बाटलीच्या तळाशी खडे धरतात.

खडे धरू नयेत म्हणून सायट्रिक आम्ल घालतात, शंभर किलो काकवीला चाळीस ग्रॅम, म्हणजे पंचवीस किलोच्या आधणाला दहा ग्रॅम. आम्लाने साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो आणि मग उरलेल्या साखरेला खडे बांधणे जड जाते. घरगुती पद्धतीत लिंबू पिळतात, पण त्याचे प्रमाण दर वेळी निराळे पडते.

उतरवलेली काकवी झाकून आठ-दहा दिवस स्थिर ठेवावी. बारीक गाळ तळाशी बसतो. वरची नितळ काकवी न हलवता काढून कापडातून गाळावी आणि उकळून पूर्ण वाळवलेल्या काचेच्या बाटल्यांत भरावी. बाटलीत पाण्याचा थेंबही राहता कामा नये. ओल राहिली की वरचा थर पातळ होतो आणि आंबण्याची सुरुवात तिथूनच होते. झाकण फुगलेली किंवा उघडताना फसफसणारी बाटली विकू नये, घरीही खाऊ नये.

पिवळाधमक गूळ हवा या बाजाराच्या हट्टापायी अनेक गुऱ्हाळांत हायड्रॉस पावडर वापरली जाते. तिने गूळ उजळतो, पण गंधकाचा अंश मागे राहतो आणि काही काळाने रंग पुन्हा काळवंडतो. काकवी तपकिरीच असते आणि गिऱ्हाईकही तिच्याकडून पिवळेपणाची अपेक्षा करत नाही, त्यामुळे इथे हायड्रॉसला काही कामच नाही. लहान उत्पादकाची खरी जमेची बाजू हीच आहे. तशीच एक जबाबदारीही आहे. काकवीत खनिजे आहेत, चव साखरेहून कितीतरी भरलेली आहे, पण ती मुळात साखरच आहे. मधुमेह असलेल्यांना ती साखरेऐवजी चालते असे सांगून विकणे चुकीचे आहे.

विक्रीसाठी एफएसएसएआयची नोंदणी हवी आणि लेबलवर घटक, वजन, उत्पादनाची तारीख व पत्ता हवा. भांडवलासाठी केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून कर्जाशी जोडलेले ३५ टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत अनुदान मिळते. जिल्हा कृषी कार्यालयात त्याची माहिती मिळते. पहिल्या हंगामात मात्र कर्ज काढू नये. एक कढई, एक चरक आणि पाच गुंठे ऊस यांवर हात बसवून घ्यावा.

हंगाम डिसेंबर-जानेवारीचा धरावा. तेव्हा ऊस पक्व असतो, हवा कोरडी असते आणि माणसे मोकळी असतात. फेब्रुवारीपासून हळदीची काढणी आणि शिजवणी सुरू झाली की मजूर मिळत नाही, पुढे उन्हाने उसातला रसही उतरतो. शेवटचे आधण निघाले की लाटा गरम पाण्याने घासून वाळवाव्यात, कढई कोरडी करून पालथी ठेवावी, चुलवाणातली राख शेतात टाकावी आणि मळी शेणखताच्या खड्ड्यात जिरवावी. पाचट न जाळता सरीत पसरून खोडव्याला पाणी द्यावे, म्हणजे त्याच पाच गुंठ्यांतून पुढच्या हिवाळ्यात पुन्हा ऊस मिळतो.