हात न टेकता

सकाळी ७. शनिवार पेठ, दुसरा मजला. ८४ वर्षांचे आजोबा पलंगावर आडवे असतानाच रक्तदाब घेते. मग उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, तर उठल्याउठल्या घेरी का येते ते कळतं. आज २४ने उतरला. गोळ्यांबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. उठण्याआधी पलंगाच्या कडेला बसून पावलं वरखाली करायची, हे आजोबांना पाठ आहे. पण लघवीची घाई झाली की राहूनच जातं.

८.३०. कोथरूड. सध्या माझा जीव या घरात अडकलाय. आजींचा खुबा मोडला त्याला चार महिने झाले. हाड छान जुळलंय, धास्ती मात्र गेलेली नाही. सूनबाई सगळं हातात देतात. ‘‘आई, तुम्ही उठू नका, मी आणते.’’ या मायेपायीच आजींच्या मांड्या वाळत चालल्यात. ते सांगताना मी शब्द जपून वापरते, कारण रात्ररात्र जागून सूनबाईंनीच सगळं केलंय.

खुर्ची उंच व्हावी म्हणून तिच्यावर दोन गाद्या ठेवल्यात. ‘‘आजी, पुढे सरका. पाय मागे घ्या. वाका, नाक पावलांच्या वर येऊ दे.’’ बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत त्यांनी हात धरून ठेवलेत खुर्चीचे. मी एकेक बोट सोडवायला सांगते. शेवटी दोन्ही तळवे छातीशी. मांड्या थरथरतात, पदर घसरतो, आणि आजी उभ्या! ‘‘अगं पोरी, मला कुणी धरलंच नाही!’’ पाच वेळा उठल्या. सूनबाई दारात पाण्याचा तांब्या घेऊन तशाच उभ्या.

११. ज्येष्ठ नागरिक संघाचा हॉल. पायाला वजनाचे पट्टे बांधून गुडघा सरळ करणं, टाचांवर चालणं, पावलाला पाऊल जोडून चालणं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात कॅम्पबेल आणि रॉबर्टसन यांनी बसवलेला हा क्रम. १९९७मध्ये त्यांनी तो ८० पुढच्या बायकांवर तपासला; पुढे सगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. आठवड्यातून तीनदा व्यायाम, दोनदा फिरणं. पट्ट्याचं वजन वाढवत न्यावं लागतं, नाहीतर नुसतेच हातपाय हलवल्यासारखं होतं. नव्वदीतला स्नायूसुद्धा ताकद कमावतो, हे लोकांना पटवताना मी कधी थकत नाही.

१.३०. डबा, नोंदी.

४. नवीन घर. इथे मी आधी पलंगावर बसते, दिवे बंद करायला लावते आणि मोरीपर्यंत स्वतः चालून बघते. ही सवय मला एका चुकीने लागली. एका आजींना वॉकर दिला, चालायला शिकवलं. रात्री तो कुठे असतो, हे मात्र विचारलं नाही. घरच्यांनी तो वाटेत नको म्हणून घडी करून भिंतीला लावला होता. पहाटे दोनला त्या पडल्या, मनगट मोडलं. आज या घरात गुळगुळीत फरशीवर सुटं पायपुसणं सापडलं, ओल्या मोरीत धरायला काहीच नाही. दांडी भिंतीत पक्की बसवायला सांगितली. टॉवेलची दांडी अंगाचा भार पेलत नाही.

७. घरी. उद्यासाठी वहीत लिहिलं: आजोबांच्या काठीचं रबर झिजलंय, नवं न्यायचं. कोथरूडच्या खुर्चीवरची एक गादी काढायची.