तारखेची वाट पाहणारं मन

तुरुंगातले पहिले दिवस सर्वांत धोक्याचे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या एखाद्या पाड्यावरचा तरुण आत जातो, तेव्हा आधी त्याला भाषाच परकी होते. घरी पावरी बोलणाऱ्यावर गिनती, बराक, मुलाकत, वकीलपत्र हे सगळं मराठी-हिंदीतून आदळतं. कोणत्या कलमाखाली आणलं, पुढे काय होणार, नीट कळत नाही. झोप उडते, घास उतरत नाही. जीव द्यावा असा विचारही याच काळात बळावतो. म्हणून नव्या बंद्यावर पहिल्या रात्रीपासून लक्ष हवं.

काही आठवड्यांनी तो शांत दिसतो. ती शांतता फसवी असू शकते. उठणं, जेवणं, झोपणं दुसराच कोणी ठरवतो, तेव्हा स्वतः ठरवण्याची सवय गळून पडते.

कच्च्या कैद्याचे हाल त्याहून वाईट. देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांत सुमारे तीन असे, गुन्हा अजून सिद्ध न झालेले. पक्का कैदी निदान उरलेले दिवस मोजतो. याच्याकडे फक्त पुढची तारीख. ती जवळ आली की आशा चढते, पुढे ढकलली की कोसळते. असं वारंवार झालं की माणूस आशाच धरेनासा होतो. जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी अडकलेल्याचं दुःख तर मला असह्य वाटतं. जामिनानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, असे सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत.

मन टिकतं कशावर? नंदुरबार पश्चिम खानदेशात होतं तेव्हा, १९३२ साली, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून दर रविवारी सोबतच्या सत्याग्रही कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्या सत्याग्रहींना आपण आत का आहोत हे ठाऊक होतं, सोबतीला आपली माणसं होती, वाट पाहावी असा रविवार होता. आजच्या बंद्याला यातलं बरंच देता येईल: त्याच्या बोलीत केस समजावणारा माणूस, हाताला काम, नियमित मुलाकत. पण भेटीला यायचं तर घरच्यांची मजुरी बुडते, वर गाडीभाडं. भेटी विरळ होतात आणि आतल्याला वाटतं, आपल्याला टाकलं. राज्यात किमान एका कारागृहात मानसिक आरोग्य केंद्र हवं, असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो. एवढ्या मोठ्या राज्याला ते फारच तोकडं आहे.

जामिनावर सुटल्यावरही गर्दी नकोशी वाटते, जरा आवाज झाला की माणूस दचकतो. त्यात दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला गुजरातेत जातात, तारीख चुकते, वॉरंट निघतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पुढची तारीख घरातल्या सर्वांना माहीत असावी. अनुसूचित जमातीच्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा, आणि तोडीला जाण्याआधी त्या वकिलाला सांगून जावं.