'नटसम्राट'मधलं न बोललेलं दुःख आणि सातबाऱ्यावरचं नाव

नाशिक : 'नटसम्राट' बघून डोळे पुसत उठणारा माणूस बहुतेक वेळा गणपतराव बेलवलकरांच्या मुलांना नावं ठेवतो. पण खरी गोष्ट घरात कोण काय लपवतंय याची आहे. नाशिकच्या वि. वा. शिरवाडकरांचं म्हणजे कुसुमाग्रजांचं हे नाटक 1970 साली आलं, डॉ. श्रीराम लागूंनी ते गाजवलं. 1 जानेवारी 2016 ला महेश मांजरेकरांनी नाना पाटेकरांना घेऊन त्याचा सिनेमा आणला.

निवृत्त झालेला नट आपलं सगळं मुला-मुलीला वाटून मोकळा होतो. तिथून पुढं जो तो मनातलं गिळतो. बायको कावेरी, त्याची 'सरकार', अपमान सोसते पण बोलत नाही, कारण नवरा भडकेल. तो मोठाली स्वगतं म्हणतो, पण 'मला इथं दुखतंय' एवढं साधं काही मुलांसमोर त्याच्या तोंडून निघत नाही. मुलीच्या घरी पैशांच्या चोरीचा संशय येतो आणि साठलेलं सगळं एकदम फुटतं. हे गिळणं सिनेमात जास्त दिसतं. कावेरी झालेल्या मेधा मांजरेकरांचा चेहरा जवळून बघायला मिळतो. नाटकात मागच्या रांगेतल्याला तो दिसणार कसा?

निफाड, दिंडोरी, सिन्नरकडं हे काही नवीन नाही. वाटणी झाली, सातबाऱ्यावर पोरांची नावं लागली, म्हातारा पडवीत आला. पारावर कोणी विचारलं तर 'पोरं चांगली आहेत' म्हणतो. बाहेर कळलं तर नातवाची सोयरीक अडेल ही भीती. म्हातारी सासरच्या लेकीला फोनवर 'बरंय' सांगते, अन् लेकही आवाजावरून ओळखून गप्प बसते.

बेलवलकरांनी देताना कसलीच अट घातली नव्हती. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 इथंच कामाला येतं. सांभाळायच्या अटीवर जमीन किंवा घर बक्षीसपत्रानं दिलं आणि सांभाळलं नाही, तर तो दस्त रद्द करून मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या न्यायाधिकरणाकडं करायचा. मात्र अट दस्तात स्पष्ट लिहिलेली नसली तर वाद कोर्टापर्यंत जातो. 'आपल्याच पोरासमोर अट कशी लिहायची' म्हणून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ती ओळ गाळली जाते. पोराला राग येईल म्हणून बापानं गिळलेली ही पहिली गोष्ट.