जलजेल, स्वयंरचित
जलजेल, स्वयंरचित : बहुवारिकांच्या (लहान रेणू जोडून बनलेल्या महारेणूंच्या) लांब साखळ्यांचे जाळे पाणी धरून ठेवते, तेव्हा होणाऱ्या मऊ पदार्थास जलजेल (हायड्रोजेल) म्हणतात. स्वयंरचित प्रकारात साखळ्या कायमच्या रासायनिक बंधांनी न जोडता जलविरोधी भागांचे परस्पराकर्षण, हायड्रोजन बंध किंवा धातूंचे आयन अशा दुर्बल दुव्यांनी आपोआप जुळतात.

जलजेलांच्या वैद्यकीय वापराचा पाया ओटो व्हिख्टर्ले व ड्राहोस्लाव्ह लिम यांनी १९६० मध्ये प्राग येथे घातला. स्पर्शभिंगे (कॉन्टॅक्ट लेन्स) त्यातूनच निघाली. परंतु ती जेले कायम बंधांची होती.

भाताची पेज गार झाल्यावर घट्ट होते, हे साकोलीसारख्या भात पिकविणाऱ्या भागात घरोघर ठाऊक आहे. पोलोक्झॅमर ४०७ या बहुवारिकाचे वर्तन याच्या नेमके उलट असते. त्याचा सु. २० टक्के विद्राव थंड असताना पातळ असतो व शरीराच्या तापमानास घट्ट होतो. ऊब मिळताच साखळीचा मधला खंड पाणी टाळू लागतो, साखळ्यांचे गोल पुंज बनतात आणि ते दाटीने रचले जातात. म्हणून थंड विद्रावात औषध मिसळून सुईने टोचता येते. शस्त्रक्रिया वा विषारी जोडद्रव्य लागत नाही. मात्र जो दुवा सहज जुळतो तो सहज सुटतोही. शरीरातील द्रवांनी विरल होऊन हे जेल थोड्याच काळात विरघळते. आठवडेच्या आठवडे औषध पुरविणे त्यास जमत नाही. कायम बंध घातल्यास टिकाऊपणा येतो, पण तयार झालेले जेल सुईतून जात नाही आणि तुटल्यास सांधत नाही. या क्षेत्रातील खरी अडचण हीच आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ माशेलकर, आशिष लेले व श्यानी व्हर्गीज यांनी या पेचावर महत्त्वाचे काम केले. ॲक्रिलॉइल ॲमिनोकॅप्रॉइक अम्लाच्या जेलात मूळ जाळे कायम बंधांचे ठेवून त्यास लोंबत्या बाजूच्या साखळ्या दिल्या होत्या. अशा जेलाचे तुकडे तांब्याच्या आयनांच्या साहाय्याने सांधतात, असे त्यांनी २००६ मध्ये दाखविले. पुढे २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील (सॅन डिएगो) व्हर्गीज यांच्या गटाबरोबर केलेल्या कामात धातूचीही गरज उरली नाही. अम्लीय पाण्यात तुकडे काही सेकंदांत हायड्रोजन बंधांनी जुळले व अल्कधर्मी पाण्यात पुन्हा सुटले. जठरातील रस तीव्र अम्लीय असल्याने तेथील छिद्र बुजविण्यास ही जेले उपयोगी पडावीत, असे संशोधकांनी सुचविले आहे.