२० टक्क्यांवर गाडी का कुंथते?

बॅटरी उतरली की इलेक्ट्रिक गाडीची नुसती रेंज कमी होत नाही, पिकअपही उतरतो. का उतरतो, किती उतरतो आणि नांदेड-लातूर रस्त्यावर ओव्हरटेक मारण्याआधी हे का माहीत असावं?

कॉलेजच्या कट्ट्यावर इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘लई पळते गड्या! पाय ठेवला की सुटते.’ खरंय ते. पेट्रोल इंजिनाला आधी फेरे वाढवावे लागतात, मग जोर येतो. इलेक्ट्रिक मोटार उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर लावते. पण असं म्हणणाऱ्या मित्राला एक प्रश्न विचारून बघा. तू चालवलीस तेव्हा चार्ज किती होता?

बहुतेक वेळा उत्तर येईल, ‘फुल्ल होती.’ शोरूमवाला ट्रायलला देतो ती गाडी चार्ज केलेलीच असते. आणि आपण मनात पेट्रोलचा हिशेब धरून बसलेलो असतो. टाकीच्या तळाशी राहिलेला शेवटचा लिटर पहिल्या लिटरइतकाच जोरात जळतो, टाकी अर्धी झाली म्हणून बाइक हळू पळत नाही. बॅटरीचं तसं नसतं.

तुमच्यापैकी ज्यांनी बारावी सायन्स केलंय (आणि लातूर पॅटर्नच्या गावात ते न केलेले शोधावे लागतात) त्यांनी याचं उत्तर लॅबमध्ये स्वतःच्या हातानं काढलेलं आहे. पोटेन्शिओमीटर आठवा. तारेवर जॉकी सरकवत सेलचा अंतर्गत रोध काढायचा तो प्रयोग. सूत्र पाठ असेलच : व्ही बरोबर ई वजा आय आर. नीटच्या एका मार्कापुरतं ते पाठ केलं आणि सोडून दिलं. गाडीच्या पिकअपचं निम्मं गुपित त्यात आहे.

कसं ते बघा. मोटारीला मिळणारी पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. एनएमसी प्रकारच्या लिथियम सेलचं व्होल्टेज पूर्ण चार्जला ४.२ असतं आणि उतरत उतरत १० टक्क्यांच्या आसपास साडेतीनच्याही खाली येतं. असे ९६ सेल एकामागे एक जोडले तर फुल्ल बॅटरी ४०३ व्होल्टची होते, उतरलेली सुमारे ३३१ व्होल्टची. हे झालं नुसतं ‘ई’. आता ‘आय आर’ वजा करा. जोरात पाय दाबला की शेकडो अँपिअर वाहतात आणि बॅटरीचा स्वतःचा रोध त्यातलं काही व्होल्टेज गिळतो. शिवाय चार्ज तळाला गेला की हा रोध वाढतो. म्हणजे दुहेरी मार.

हिशेबासाठी ३०० अँपिअर करंट धरू. फुल्ल बॅटरीचा रोध ०.१ ओहम, उतरलेलीचा ०.१३. पहिल्या वेळी हातात राहतात ३७३ व्होल्ट, म्हणजे साधारण ११२ किलोवॅट. दुसऱ्या वेळी २९२ व्होल्ट, म्हणजे ८८ किलोवॅट. गाडी तीच, पाय तितकाच दाबलेला, आणि २४ किलोवॅट गायब. हॉर्सपॉवरमध्ये सांगायचं तर ३२ घोडे! माळेगावच्या यात्रेत एवढे घोडे घ्यायचे म्हटले तर शेत विकावं लागेल.

मग सिग्नलला फरक का जाणवत नाही?

हा प्रश्न रास्त आहे. २५ टक्के चार्जवरही आयटीआयच्या चौकातून गाडी झपकन सुटते. कारण सुरुवातीला मोटारीला पॉवर फारशी लागतच नाही, लागतो तो टॉर्क. टॉर्क ठरतो करंटवर आणि करंटची मर्यादा कंट्रोलर ठरवतो. चाकं हळू फिरत असताना बॅटरीकडे व्होल्टेज शिल्लक पडून असतं.

खरी गंमत पुढे आहे. मोटार जशी वेगात फिरते तशी ती स्वतःच जनरेटरसारखं उलटं व्होल्टेज तयार करते. बॅक ईएमएफ म्हणतात ते हेच. बॅटरीला या उलट्या रेट्याविरुद्ध करंट आत ढकलायचा असतो. ताशी ३० ला रेटा थोडा, ९० ला भरपूर. फुल्ल बॅटरी तो रेटा सहज मोडते, उतरलेली बॅटरी धापा टाकते. म्हणून कमी चार्जचा परिणाम गावात दिसत नाही, हायवेला दिसतो. शून्य ते ४० मध्ये नाही, तर ७० ते १०० मध्ये. नेमकं ओव्हरटेकच्या वेळी.

सगळ्या बॅटऱ्या मात्र सारख्या नसतात. गावातल्या पाण्याच्या टाक्या डोळ्यांसमोर आणा. एक टाकी बुटक्या खांबांवर पण खोल, तिच्यातलं पाणी खाली गेलं की नळाची धार बारीक होत जाते. दुसरी उंच खांबांवर पण उथळ, तिची धार शेवटपर्यंत जवळजवळ तशीच राहते आणि मग एकदम बंद पडते. पहिली एनएमसी, दुसरी एलएफपी. नेक्सॉन ईव्ही, महिंद्राची बीई ६ या गाड्यांत एलएफपी सेल आहेत. या सेलचं व्होल्टेज बऱ्याच मोठ्या टप्प्यात ३.३ ते ३.२ च्या आसपास रेंगाळतं. १०० सेलची बॅटरी धरली तर ३३० वरून ३२०, फरक ३ टक्के. पायाला कळणारही नाही. पण तळाच्या १० टक्क्यांत व्होल्टेज असं घसरतं की विचारू नका. बऱ्याच स्कूटर एनएमसीवर चालतात, म्हणून स्कूटरवाल्यांना उतार आधी जाणवतो. काही स्कूटरमध्ये तर चार्ज खाली आला की सगळ्यात वेगवान मोड आपोआप बंद होतो.

हे बंद करणारं कोण? बीएमएस, म्हणजे बॅटरीवर पहारा देणारं सर्किट. सेलचं व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं तर तो आतून कायमचा खराब होतो. आणि शंभर सेलच्या साखळीत सगळे सारखे नसतात. ९९ सेल ठणठणीत असले तरी एक कमजोर सेल आधी तळ गाठतो आणि त्याच्यासाठी सगळ्यांचा करंट कमी करावा लागतो. ग्रुप प्रोजेक्टमध्ये होतं तसंच. ही कपात कुठल्या टक्क्यावर सुरू करायची हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. निसान लीफ गाडीत तर पॉवर कापली की डॅशबोर्डवर चक्क कासवाचं चित्र पेटतं.

आता आपल्या रस्त्यावर या. नांदेड ते लातूर सुमारे १४० किलोमीटर. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर. जानेवारी २०२० मध्ये आलेली पहिली नेक्सॉन ईव्ही घ्या, आता ती सेकंडहँडही मिळते. बॅटरी ३०.२ युनिटची. किलोमीटरमागे ०.१५ युनिट धरलं तर प्रवासाला २१ युनिट लागतील. घरून ८० टक्क्यांवर निघालात तर लातूरला पोचताना १० टक्के उरतील. नांदेड गोदाकाठी आणि लातूर बालाघाटाच्या पठारावर, म्हणजे किमान दीडशे मीटरचा चढही आहेच. पण त्याला घाबरू नका. माणसांसह १७०० किलोची गाडी तेवढी वर न्यायला पाऊण युनिटही लागत नाही. रेंज खाते ती मुख्यतः हवा, म्हणजे तुमचा वेग.

काळजीची जागा वेगळीच आहे. बॅटरी सगळ्यात दमलेली असते चाकूरच्या पुढे. तिथंच गर्दी वाढते आणि हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर. समजा पुढे ६० ने चाललेला ट्रक आहे आणि तुम्हाला ९० पर्यंत जाऊन तो मागे टाकायचाय. १७०० किलोच्या गाडीला त्यासाठी सुमारे २९५ किलोज्यूल ऊर्जा लागते. चाकांवर ८० किलोवॅट मिळत असतील तर हे ३.७ सेकंदांत होतं. बीएमएसने ३० किलोवॅटवर आणून ठेवलं असेल तर जवळपास १० सेकंद. हवेचा विरोध मी धरलेलाच नाही, तो धरला तर आणखी जास्त. मधल्या या ६ सेकंदांत समोरून ८० ने येणारी बस १३० मीटरहून जास्त पुढे आलेली असते. सकाळी लोह्याजवळ जी जागा पुरली, ती दुपारी चाकूरजवळ पुरत नाही. आणि तुमच्या पायाला मात्र सकाळचीच सवय लागलेली असते.

म्हणून हायवेला एक साधी गोष्ट करा. बऱ्याच गाड्यांच्या स्क्रीनवर किती पॉवर वापरली जातेय याचा काटा किंवा पट्टी असते. २० टक्क्यांच्या खाली गेलात की मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना एकदा पाय दाबून ती पट्टी कुठवर जाते ते बघा. सकाळी जिथं जात होती तिथं जात नसेल, तर ट्रकच्या मागे गुमान चाला. नाहीतर वाटेत चार्जर मिळेल तिथं चहा घ्या, तेवढ्यात बॅटरीही सावरते.

चार्ज सोडून दोन गोष्टी आणखी. थंडीत सेलचा रोध वाढतो, पण आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे पहिले काही किलोमीटर सोडले तर त्याचा फारसा त्रास नाही. आपला त्रास मे महिन्याचा. ४२-४३ अंशांत तापलेल्या बॅटरीला जपायला बीएमएस फुल्ल चार्जवरही पॉवर कापू शकतो. दुसरी गोष्ट उलटी आहे. १०० टक्के भरून निघालात तर पॅडल सोडल्यावर गाडी स्वतः ब्रेक लावते ते रीजन कमी होतं, कारण परत आलेली वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते. त्यामुळे घरून निघाल्यावर पहिल्या उतारावर पाय ब्रेकवर तयार असू द्या.

घरात गाडी घ्यायचं ठरलं की मोबाइलपासून मोटारीपर्यंत सगळं तुम्हालाच विचारतात, म्हणून शेवटचं. सेकंडहँड ईव्ही बघायला गेलात तर बॅटरीचं वय लक्षात घ्या. जुन्या सेलचा रोध वाढलेला असतो, त्यामुळे वर सांगितलेलं सगळं आधी आणि जास्त घडतं. फुल्ल चार्जवर ते झाकलं जातं. तेव्हा काका-मामांनी टायर दाबून बघेपर्यंत तुम्ही विकणाऱ्याला एवढंच म्हणा, ‘गाडी २० टक्क्यांवर आली की फोन करा, तेव्हा ट्रायल घेतो.’ मग बायपासला नेऊन ६० च्या पुढे पाय दाबा आणि तिला ८० गाठायला किती सेकंद लागतात ते बाजूला बसलेल्याला मोजायला सांगा.